पाच डॉलरचे वाय-फाय आणि घराचा स्विचबोर्ड : एका आयातीचा इतिहास

ऑगस्ट २०१४ च्या अखेरीस जगभरातील हौशी इलेक्ट्रॉनिक्स मंडळींचे लक्ष एका अगदी किरकोळ दिसणाऱ्या वस्तूकडे गेले. टपाल तिकिटाएवढी एक पट्टी, तिच्या एका टोकाला तांब्याची नागमोडी रेघ म्हणजे अँटेना, दुसऱ्या टोकाला आठ पिना. शेन्झेनच्या एआय-थिंकर या कंपनीने ती ईएसपी-०१ या नावाने बाजारात आणली होती. किंमत सुमारे पाच डॉलर. माहितीपत्रक चिनी भाषेत. आर्डुइनोसारख्या शिकाऊ बोर्डाला वाय-फाय जोडायचे तर त्या काळी याच्या कित्येक पट खर्च येत असे, त्यामुळे ही किंमत अनेकांना छपाईची चूक वाटावी अशीच होती.

पट्टीवरची मूळ चिप ईएसपी८२६६. ती शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची. ही कंपनी २००८ मध्ये स्थापन केली ती तिओ स्वी आन या सिंगापुरी अभियंत्याने. चिपमधील ३२ बिटी प्रोसेसरचा आराखडा टेन्सिलिका या कॅलिफोर्नियातील कंपनीचा. पुढे आलेली तिची थोरली बहीण ईएसपी३२ तैवानच्या टीएसएमसीच्या ४० नॅनोमीटर प्रक्रियेवर तयार होते. भारतात ज्याला सरसकट ‘चायना माल’ म्हटले जाते, त्याची वंशावळ ही अशी चार देशांत विखुरलेली आहे.

स्वस्ताईचे कारण केवळ स्वस्त मजुरीत शोधणे चुकीचे ठरेल. रेडिओच्या मंडलात सामान्यतः प्रवर्धक, संदेश पाठवणे व घेणे यांत अदलाबदल करणारा स्विच, अँटेनाशी जुळवून घेणारा भाग, असे अनेक घटक चिपच्या बाहेर स्वतंत्र बसवावे लागतात. एस्प्रेसिफने ते जवळजवळ सगळे एकाच सिलिकॉनच्या तुकड्यात कोंबले. बाहेर उरले ते एक स्फटिक, एक फ्लॅश स्मृती आणि मोजके धारित्र व रोध. भाग कमी, म्हणून पट्टी लहान, जुळणी सोपी आणि किंमत खाली. ही चिप मुळात दुसऱ्या कुठल्यातरी नियंत्रकाला वाय-फाय पुरवणारी मदतनीस म्हणून विकली जात होती. ८० मेगाहर्ट्झवर चालणारा तिचा प्रोसेसर आर्डुइनो उनोच्या १६ मेगाहर्ट्झच्या आठ बिटी नियंत्रकापेक्षा कितीतरी बलवान आहे हे हौशी लोकांच्या ध्यानात आले, तेव्हा मदतनीसच मालक झाली. ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीने आज्ञावली विकसित करण्याची साधने खुली केली, आणि २०१५ मध्ये आर्डुइनोच्या परिचित वातावरणातून या चिपसाठी आज्ञावली लिहिता येऊ लागली. दिवा, पंखा, पाण्याच्या टाकीची पातळी आता घरच्या राउटरमार्फत हाताळता येऊ लागली, तीही विद्यार्थ्याच्या खिशाला परवडेल अशा खर्चात.

गृहस्वयंचलनाची कल्पना मात्र याहून पुष्कळ जुनी. स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्सने १९७५ मध्ये एक्स-१० ही पद्धत विकसित केली. घरात आधीच असलेल्या विजेच्या तारांतूनच १२० किलोहर्ट्झचे छोटे स्पंद पाठवायचे, तेही प्रत्यावर्ती विद्युतदाब शून्यातून जातो त्या क्षणाच्या आसपास, कारण तेव्हा तारेवर गोंगाट सर्वांत कमी असतो. १९७८ पासून अमेरिकेतील दुकानांत हे संच मिळू लागले. भारतातील एखाद्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याने त्या वर्षी परदेशी मासिकात ही जाहिरात पाहिली असती, तरी तिचा उपयोग शून्य होता. संच ११० व्होल्टचे आणि घर २३० व्होल्टचे, ही अडचण तर दुय्यम होती.

खरी अडचण कायद्याची होती. १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याखाली परदेशातून काय यावे, कोणी आणावे आणि किती आणावे हे परवान्याने ठरत असे. परकीय चलन दुर्मीळ. ते हौसेसाठी मिळणे अशक्यप्राय. त्याच्याही आधीचा १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा तर परवान्याविना बिनतारी उपकरण नुसते बाळगणे हाच गुन्हा मानी. घरातला रेडिओ ऐकण्यासाठीसुद्धा १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत परवाना लागत असे, हे आजच्या विद्यार्थ्यांना कदाचित थट्टेचे वाटेल. ईएसपी-०१ सारखी वस्तू, म्हणजे परदेशी बनावटीचा रेडिओ प्रक्षेपक, टपालाने मागवून स्वयंपाकघरातल्या बोर्डात बसवणे हे त्या व्यवस्थेत दुहेरी गुन्ह्यासारखेच होते.

संस्थांची स्थितीही फार वेगळी नव्हती. फक्त त्यांची गरज मोठी होती. प्रगत क्रे महासंगणक अमेरिकेने नाकारल्यावर पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली, आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला तो ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिपा एकत्र जोडून. चिप परदेशी, खुल्या बाजारातली. रचना आणि आज्ञावली इथली. हौशी विद्यार्थी आज लहान प्रमाणावर जे करतो, त्याचे हे भव्य रूप म्हणता येईल.

१९९१ नंतर परवान्यांची भिंत टप्प्याटप्प्याने उतरली. ग्राहकोपयोगी वस्तूंवरील संख्यात्मक निर्बंध तर थेट १ एप्रिल २००१ पर्यंत टिकून होते. इलेक्ट्रॉनिक भागांच्या बाबतीत अधिक निर्णायक ठरला तो १९९७ चा निर्णय. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात भारत त्या वर्षी सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणक, दूरसंचार साधने व चिपा यांवरील मूळ सीमाशुल्क शून्यावर आणण्याचे बंधन स्वीकारले. आज वस्तू व सेवा कर लागतो तो वेगळा. रिलेसारखे विजेचे भाग मात्र त्या यादीबाहेर राहिले. मग एकाच पट्टीवर चिपही आहे आणि रिलेही, तर तिला काय म्हणायचे? सीमाशुल्क वर्गीकरणाच्या जाडजूड ग्रंथांत अशा प्रश्नांवर वकिलांची घरे चालतात.

या कराराबद्दल मतभेद आहेत आणि ते गंभीर आहेत. देशी उद्योग बाल्यावस्थेत असताना संरक्षण काढून घेतल्याने भारतीय इलेक्ट्रॉनिक्स निर्मिती खुंटली, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. २०१५ मध्ये या कराराचा विस्तार झाला तेव्हा भारत त्यात सामील झाला नाही, त्यामागे हाच अनुभव होता. पण त्याच शून्य शुल्काने मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट आणि दिल्लीचा लजपतराय बाजार विद्यार्थ्यांसाठी जिवंत ठेवला, हेही तितकेच खरे. एकाच धोरणाने कारखानदाराचे नुकसान केले आणि शिकणाऱ्याचे भले केले; या दोन्ही गोष्टी एकाच तराजूत घालणे सोपे नाही.

२००५ हे आणखी एका कारणाने महत्त्वाचे. त्या वर्षी जानेवारीत २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ आणि मार्चमध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हे पट्टे कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाले. पहिल्या पट्ट्यात वाय-फाय, ब्लूटूथ आणि झिगबी. दुसऱ्यात झेड-वेव्हची भारतीय वारंवारता, ८६५.२ मेगाहर्ट्झ. अमेरिकेतून स्वस्तात आणलेले झेड-वेव्ह उपकरण मात्र ९०८.४२ मेगाहर्ट्झवर बोलते, आणि भारतात ती जागा जीएसएम मोबाइलने टॉवरकडे संदेश पाठवण्याच्या पट्ट्यात येते. खरेदी करताना फक्त किंमत पाहणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, आणि विक्रेता सांगत नाही.

कायदा मोकळा झाला, शुल्क उतरले, तरी चार डॉलरची वस्तू हजारो किलोमीटर दूरवरून जवळजवळ फुकट कशी येत होती? याचे उत्तर इलेक्ट्रॉनिक्समध्ये नाही, टपालात आहे. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या जागतिक टपाल संघाने १९६९ च्या टोकियो अधिवेशनात असे ठरवले की, पाकीट पाठवणाऱ्या देशाने ते घरपोच करणाऱ्या देशाला काही मोबदला द्यावा. विकसनशील देशांसाठी हा मोबदला कमी ठेवला गेला. हेतू उदात्त होता, आणि पत्रांच्या काळात त्याने कोणाचे फारसे बिघडलेही नसते. चीन जगाचा कारखाना झाल्यावरही त्याच वर्गात राहिला, आणि दोन किलोपर्यंतची लहान पाकिटे नाममात्र दरात जगभर जाऊ लागली. अमेरिकेने संघातून बाहेर पडण्याची धमकी दिल्यावर सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हाच्या विशेष अधिवेशनात हे दर बदलण्याची वाट मोकळी झाली. तोवर पाच वर्षे ईएसपी८२६६ ची पाकिटे या फटीतून जगभर पोहोचली होती.

या स्वस्ताईला सावलीही होती. २०१४ च्या शरदातच एफटीडीआय या स्कॉटिश कंपनीच्या यूएसबी चिपची नक्कल करणाऱ्या असंख्य चिपा निकामी झाल्या, कारण विंडोजच्या अद्ययावतीकरणासोबत आलेल्या नव्या ड्रायव्हरने नकली चिपचा ओळखक्रमांक शून्य करून टाकला. ओरड झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घेतला गेला. पण ज्याने बोर्ड विकत घेतला त्याला आपली चिप नकली आहे हे बहुधा ठाऊकही नव्हते. शिक्षा नक्कल करणाऱ्याला झाली नाही, ती वापरणाऱ्याला झाली.

भारतीय घरात शिरल्यावर तर या भागांची खरी परीक्षा सुरू होते. स्वस्त मॉड्यूलवरचा निळा चौकोनी रिले १० अँपिअरचा असतो. २ किलोवॉटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो, म्हणजे मर्यादेच्या अगदी जवळ. ३ किलोवॉटचा १३ अँपिअर घेतो, म्हणजे मर्यादेच्या पार. संपर्कबिंदू तापतात, वितळून चिकटतात आणि मोबाइलवर ‘बंद’ दाखवणारा गिझर चालूच राहतो. पाच व्होल्टची बाजू आणि मुख्य विजेची बाजू यांच्यातील तांब्याच्या रेघांमधले अंतर पुरेसे आहे की नाही, हे पट्टी हातात घेऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. या ठिकाणी काटकसर करणे म्हणजे घर पणाला लावणे होय. विजेच्या बाजूचे भाग प्रमाणित आणि नामांकितच असावेत. स्वस्ताईचा प्रयोग कमी दाबाच्या बाजूला खुशाल करावा.

पंख्याचा प्रश्न तर खास इथला. परदेशी मॉड्यूल दिव्यांचा विचार करून बनवलेले. छताच्या पंख्याचा वेग कमी-जास्त करण्याची गरज त्यांच्या रचनाकारांना फारशी भासली नाही. दिव्यासाठीचा ट्रायॅक वापरून पंखा हळू केला, तर विद्युतलहर कापली जाऊन तिच्यात उच्च वारंवारतेचे घटक मिसळतात आणि पंखा घुमू लागतो. भारतीय रेग्युलेटरमध्ये धारित्रांचे टप्पे वापरतात ते यासाठीच. उलट एका बाबतीत इथली जुनी सवय कामी आली: आपल्याकडे एकाच बोर्डावर बटणांसोबत सॉकेटही असते, त्यामुळे न्यूट्रलची तार बहुधा तिथे हजर असते, आणि चिपला सतत वीज देणे सोपे जाते. ब्रिटनमधील जुन्या घरांत दिव्याच्या बटणापाशी ती अनेकदा नसते.

१२ डिसेंबर २०१९ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने भेटवस्तू म्हणून टपालाने वा कुरिअरने येणाऱ्या मालावर बंदी घातली. अपवाद फक्त जीवरक्षक औषधे आणि राख्यांचा. पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटीला असलेली शुल्कमाफी परदेशी विक्रेते सर्रास वापरत होते, हे त्यामागचे कारण होते आणि ते खोटे नव्हते. पुढच्या वर्षी जूनमध्ये गलवानचा संघर्ष झाला, आणि २४ नोव्हेंबर २०२० रोजी बंदी आलेल्या ४३ अ‍ॅपांच्या यादीत अलीएक्सप्रेसही होते. एकेका विद्यार्थ्याची पाकिटे थांबली. माल थांबला नाही. तो आता व्यापाऱ्यांमार्फत ठोक येतो, कर भरून, भारतीय बीजकासह. खपणारे मॉड्यूल सहज मिळते; एखाद्या वेगळ्या संशोधनासाठी एकच विशिष्ट संवेदक हवा असेल, तर तो कोणी साठवून ठेवत नाही. खऱ्या अर्थाने नुकसान झाले ते त्या एकट्या, वेगळ्या प्रश्नामागे लागलेल्या मुलाचे.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल इनोव्हेशन मिशनने दहा हजारांवर शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभ्या केल्या, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५० हजारांची घोषणा झाली. त्या प्रयोगशाळांतील पेट्यांमध्ये कोणाच्या चिपा असतील, हा प्रश्न आता केवळ हौसेचा राहिलेला नाही. २ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीत सादर झालेला विक्रम ३२०१ मोहालीच्या १८० नॅनोमीटर प्रक्रियेवर बनतो, पण तो अग्निबाणांसाठी आहे. शाळेच्या टेबलाच्या जवळचा आहे तो सी-डॅकच्या तिरुवनंतपुरम केंद्रात रचलेला तेजस-३२ आणि त्यावरचा एरीज बोर्ड. १०० मेगाहर्ट्झ, आणि बर्कलीत २०१० मध्ये जन्मलेली खुली आरआयएससी-व्ही आज्ञाप्रणाली, जी एस्प्रेसिफनेही ईएसपी३२-सी३ पासून स्वीकारली आहे. तेजस-३२ च्या पोटात मात्र रेडिओ नाही. त्याला घरच्या राउटरशी बोलायचे असेल, तर शेजारी एक वाय-फाय मॉड्यूल जोडावे लागते.