बिळाशीचे बंड : रानाकडे निघालेली पावले

१/
१९३० च्या पावसाळ्याअखेर सातारा जिल्ह्यातील एका गावाने रानाची वाट धरली. हातात कोयते आणि कुऱ्हाडी होत्या, परंतु हल्ला करण्याचा हेतू मुळीच नव्हता. उघडपणे कायदा मोडावा आणि शिक्षा सोसावी, एवढाच निर्धार होता. ते गाव वारणाकाठचे बिळाशी.

२/
आज बिळाशी सांगली जिल्ह्याच्या शिराळा तालुक्यात आहे. त्या काळी मात्र हा मुलूख साताऱ्यात मोडे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे हा इतिहास दोन्ही जिल्ह्यांचा समाईक ठेवा आहे.

३/
६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला मिठाचा कायदा मोडला. पण सह्याद्रीच्या पायथ्याशी समुद्र कोठून आणावा? शिवाय पावसाळ्यात मिठागरे बंद पडतात. डोंगराळ मुलखातील माणसाला रोज जाचणारा कायदा निराळाच होता : जंगलाचा.

४/
१८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या वन अधिनियमाने मोठमोठी राने राखीव ठरली. पिढ्यान्‌पिढ्या जेथे गुरे चरली, जेथून सरपण आले, तेथेच परवानगीवाचून झाड तोडणे किंवा गुरे चारणे हा गुन्हा झाला. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.

५/
१० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव रानातील गवत कापले. जंगल सत्याग्रहाचे हे लोण पाहता पाहता महाराष्ट्रभर पसरले. भाद्रपदात रान गवताने भरलेले असते आणि गोठ्यातील गुरे भुकेली असतात. त्यामुळे या लढ्याचा अर्थ शेतकऱ्याला वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

६/
बिळाशीकरांनी रानातील सागाचा सोट आणून महादेवाच्या देवळापाशी उभा केला आणि त्यावर राष्ट्रध्वज चढवला. हा ध्वज आजच्यासारखा नव्हता. त्यात पांढरा, हिरवा व तांबडा असे पट्टे होते आणि चरख्याची खूण होती. केशरी रंग आला तो पुढच्या वर्षी, १९३१ मध्ये.

७/
सागाचा तो सोट सरकारी कायद्याने ‘चोरीचा माल’ होता. गावाच्या दृष्टीने ती स्वतःच्याच रानातून आणलेली काठी होती. एका लाकडात दोन न्याय समोरासमोर उभे ठाकले. ध्वजाच्या रक्षणासाठी स्त्रियाही पुढे सरसावल्या. त्यांत राजूताई कदम यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

८/
सप्टेंबरमध्ये सशस्त्र पोलीस परिसरात उतरले. गोळीबार झाला, माणसे प्राणास मुकली, अनेकांना कैद झाली. ध्वज उतरवला गेला. परंतु सरकारी भीतीची गाठ एकदा सैल झाली ती पुन्हा पूर्वीसारखी आवळली गेली नाही.

९/
याच १९३० मध्ये येडेमच्छिंद्रचे तलाठी नाना पाटील सरकारी नोकरी सोडून चळवळीत उतरले. पुढे १९४३ ते १९४६ या काळात याच सातारा-सांगलीच्या भूमीत प्रतिसरकार उभे राहिले. त्याचे यश केवळ भूमिगतांच्या धाडसाचे नव्हे. शिधा देणारी, आसरा देणारी आणि पोलिसांपुढे तोंड न उघडणारी गावे त्यामागे होती. अशा गावांची पहिली तालीम १९३० च्या रानांत झाली होती.

१०/
१९२७ चा अधिनियम स्वातंत्र्यानंतरही टिकला. वनवासी समाजावर ‘ऐतिहासिक अन्याय’ झाल्याची कबुली संसदेने दिली ती २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेत, म्हणजे बिळाशीनंतर तब्बल ७६ वर्षांनी. पावसाळा सरताना शिराळ्याच्या डोंगरवाटांनी कधी गेलात, तर हिरव्या सागाकडे क्षणभर पाहावे. रान कोणाचे, हा प्रश्न एका गावाने येथेच विचारला होता, आणि त्याची किंमतही मोजली होती.