प्लेगने मागे ठेवलेला वारसा

तहान लागल्यावर विहीर खणणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. परंतु रोगाच्या साथींपुढे समाजाचे आणि सरकारचे वर्तन बहुधा तसेच घडत आले आहे. १८९६ सालच्या मुंबईची कथा ह्या दृष्टीने मननीय आहे.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांना ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजेच प्लेगचे, रोगी आढळले. मांडवी ही धान्याच्या वखारींची वस्ती. उंदरांना तेथे काय उणे! ह्या रोगाचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगला सापडला होता. पण तो माणसाच्या शरीरात शिरतो कसा, हे कोणासही निश्चित ठाऊक नव्हते. गटारे कार्बोलिकने धुतली गेली, घरे रिकामी केली गेली, लाखो लोकांनी शहर सोडले; साथ मात्र हटली नाही.

ज्ञान अपुरे असले की सत्ता पुढे सरसावते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा मंजूर झाला. घरांची झडती घेणे, रोग्यांना वेगळे काढणे, प्रवाशांना अडवणे, असे अनेक अधिकार त्याने सरकारला दिले. पुण्यात वॉल्टर रँड ह्यांच्या हाताखाली गोरे सोजीर घराघरांत शिरले. देवघर आणि माजघर ह्यांचीही मर्यादा राहिली नाही, असा लोकांचा आक्रोश होता. २२ जूनच्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. लोक रोगी लपवू लागले होते आणि इस्पितळाला रोगाइतकेच भीत होते. त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. त्या सेवेतच त्यांना प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. साथ एकच, पण एक हात लोकांना भयभीत करीत होता आणि दुसरा त्यांना उचलून घेत होता.

दरम्यान मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातील अगदी अपुऱ्या जागेत वाल्देमार हाफकीन हे शास्त्रज्ञ लस तयार करीत होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना लस देण्यात आली आणि उरलेल्यांशी त्यांची तुलना करण्यात आली. न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले; टोचलेल्यांत दोघेच आजारी पडले आणि दोघेही वाचले. औषधाचा गुण कीर्तीवरून नव्हे, तर तुलनेवरून ठरवावा, ही दृष्टी ह्या प्रयोगात होती. मात्र बंदिवानाची संमती कितपत मुक्त मानावी, हा प्रश्न त्या काळी कोणाला फारसा बोचला नाही. आज तो टाळता येणार नाही.

विश्वास किती नाजूक असतो, हे १९०२ साली दिसले. पंजाबातील मुलकोवाल गावी लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. ते सर्व एकाच बाटलीतून टोचले गेले होते. दोष हाफकीन ह्यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पदावरून दूर व्हावे लागले. बाटली गावी उघडताना दूषित झाली असावी, हे मान्य होऊन १९०७ साली त्यांच्यावरील किटाळ दूर झाले. पण मधली पाच वर्षे वाया गेली. लस उत्तम असून भागत नाही. ती टोचणारा हात, तिची नोंदवही आणि निःपक्ष व त्वरित चौकशी हीही तितकीच उत्तम असावी लागतात.

असे असले तरी ही विहीर वाया गेली नाही. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. १९२५ पासून तिला हाफकीन ह्यांचे नाव मिळाले. उंदरांवरील पिसवा रोग पसरवतात हे सीमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरने १८९८ सालीच सांगितले होते. त्यावर कोणी विश्वास ठेवला नव्हता. १९०५ नंतर परळ येथील प्रयोगांनी तेच निर्विवाद सिद्ध केले. १९११ साली वैद्यकीय संशोधनासाठी अखिल भारतीय निधी संस्था निघाली. तीच १९४९ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषद झाली. १९५२ साली पुण्यास विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. त्या वेळी देशावर कोणतीही नवी महामारी चालून आलेली नव्हती. ही विहीर तहानेपूर्वी खणलेली होती. पाचच वर्षांत, शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडे आणि माणसे मरू लागली, तेव्हा तेथील अज्ञात विषाणू ह्याच केंद्राने ओळखला.

२०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा १८९७ चे दोन्ही वारसे एकदमच कामास आले. देशातील पहिल्या रोग्याचे निदान पुण्याच्या त्याच संस्थेत झाले. तेथे वेगळ्या काढलेल्या विषाणूपासून पुढे देशी लसही बनली. दुसरीकडे राज्यकर्त्यांच्या हाती कायदा होता तो १८९७ चाच. डॉक्टरांवर आणि परिचारिकांवर हल्ले होऊ लागले, म्हणून त्यांच्या रक्षणासाठी त्यात त्याच वर्षी दुरुस्ती करावी लागली. सव्वाशे वर्षांत प्रयोगशाळा फार पुढे गेली. लोक आणि आरोग्यसेवा ह्यांच्यातील अंतर मात्र तेवढ्या प्रमाणात मिटले नाही, हाच त्याचा अर्थ.

पुढील साथ केव्हा येईल, हे कोणी सांगू शकत नाही. परंतु गावच्या आरोग्यकेंद्रातील चोख नोंद, बारमाही चालणारी प्रयोगशाळा आणि लोकांना विश्वासात घेऊन केलेली औषधाची कसोटी ह्या गोष्टी ती आल्यावर एका रात्रीत उभ्या राहत नाहीत. त्यांची उभारणी सुखाच्या दिवसांतच करावी लागते.