नकाराला कलम नव्हते

मुळशी सत्याग्रहाची हकीकत बहुधा १६ एप्रिल १९२१ पासून, म्हणजे त्या वर्षीच्या रामनवमीपासून सांगतात. बाराशेच्या आसपास मावळे धरणाच्या कामावर चालून गेले आणि काम बंद पाडले. सेनापती बापटांमुळे हा भाग सर्वांना ठाऊक आहे. १८९४ चा भूसंपादन कायदा मात्र फारसे कोणी उघडून पाहत नाही. टाटा पॉवर कंपनीच्या धरणासाठी मुळा-नीला खोऱ्यातली भातखाचरे सरकारने घेतली, ती याच कायद्याने. त्यात शेतकऱ्याला तोंड उघडायला जागा कुठे होती, हे पाहिल्यावाचून त्या रामनवमीचा अर्थ पुरता लागत नाही, असे माझे मत आहे.

जागा होती. नवव्या कलमानुसार कलेक्टरने नोटीस काढायची आणि हितसंबंधी माणसांनी येऊन आपला हक्क, मोजणीबद्दलची हरकत व भरपाईची मागणी मांडायची. मोजणी चुकली म्हणता येई, भाव कमी धरला म्हणता येई. जमीन द्यायचीच नाही, हे म्हणण्यासाठी मूळ कायद्यात एकही कलम नव्हते. जमीन सार्वजनिक कारणासाठी हवी, अशी सरकारने सहाव्या कलमाखाली घोषणा केली, की ती घोषणाच त्याचा निर्णायक पुरावा ठरे.

चोविसाव्या कलमावर थोडे थांबावे लागते. भरपाई ठरवताना कोणत्या गोष्टी विचारात घ्यायच्या नाहीत, त्यांची यादी तिथे होती. पहिली, संपादनाची निकड. दुसरी, जमीन सोडण्याबद्दल मालकाची नाखुषी. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांना ही नाखुषी दिसत होती. तिचे नाव घेऊन त्यांनी ती बाजूला ठेवली. आदल्याच कलमात सक्तीच्या संपादनाबद्दल बाजारभावावर पंधरा टक्के जादा देण्याची तरतूद होती. ही कलमे शेजारी ठेवून ‘जान किंवा जमीन’ ही मुळशीची घोषणा वाचली, की ती नुसती आवेशाची राहत नाही. कचेरीत जे नोंदवताच येत नव्हते, ते मावळे कामाच्या जागेवर जाऊन सांगत होते.

कंपनीसाठी जमीन घ्यायची तर चाळिसाव्या कलमाखाली आणखी एक चौकशी होती: काम लोकांच्या उपयोगाचे आहे का? इथली वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. पुढचा करार सरकार आणि कंपनी यांच्यात व्हायचा. ज्याची जमीन जाणार, तो त्यात पक्षकार नव्हता.

सत्याग्रहात फूट कुठे पडली, तेही या कलमांतून उलगडते. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावरच्या अभ्यासात पुण्यातल्या सावकार-जमीनदारांचे हितसंबंध तपशिलाने दाखवले आहेत. पुष्कळ जमीन त्यांच्याकडे गेली होती. कायद्याला चालणारा प्रश्न भावाचा होता आणि भाव चांगला मिळाला तर सावकाराचे नुकसान नव्हते. कसणाऱ्या कुळाचे सगळेच जात होते. सत्याग्रहाच्या पुढाऱ्यांना हे अंतर मिटवता आले नाही. ते मिटवणे कोणाला साधले असते, असेही मला वाटत नाही.

आणि नदी? मुळा पूर्वेकडे पुण्याला येते. धरणात अडवलेले तिचे पाणी बोगद्यातून सह्याद्रीपलीकडे, कोकणातल्या भिऱ्याच्या वीजघरात सोडायचे होते. पूर्ववाहिनी नदीचे पाणी पश्चिमेला वळवणे हा त्या योजनेतला सर्वांत मोठा निर्णय. तो योग्य की अयोग्य, हे भूसंपादनाच्या कामकाजात विचारण्याची सोयच नव्हती. कायदा जमिनीच्या तुकड्यांचा होता.

१९२३ साली ‘५-अ’ हे कलम घातले गेले. अधिसूचनेनंतर तीस दिवसांत संपादनालाच हरकत घेता येऊ लागली. तारखा जवळ आल्या म्हणून ही दुरुस्ती मुळशीच्या पदरात टाकता येत नाही. शिवाय हरकत ऐकणारा कलेक्टर आणि अंतिम निर्णय सरकारचाच. खासगी कंपनीसाठी जमीन घेताना बाधित कुटुंबांपैकी किमान ८० टक्क्यांची आधी संमती हवी, ही अट आली २०१३ सालच्या नव्या कायद्यात. भिऱ्याचे वीजघर तेव्हा ऐंशीहून अधिक वर्षे चालू होते.