देवी ओळखावी कशी?

लग्नात माहेराहून आलेली अन्नपूर्णा आपण तिच्या हातातल्या पळीवरून ओळखतो. महिषासुरमर्दिनीच्या पायाशी रेडा असतो. पण तमिळ देशातल्या चोळ राजांच्या वेळच्या, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या, पंचरसी देवींपुढे ही विद्या पुरत नाही. बहुतेकींना दोनच हात. कमरेत किंचित लचक, एक हात गाईच्या शेपटीसारखा सैल सोडलेला, आणि दुसऱ्याची बोटे फूल धरावे तशी जुळलेली. पार्वतीच्या बोटांत तर पुष्कळदा फूलही नसते. पूजेच्या वेळी ताजे खोवायचे.

रामेश्वरच्या यात्रेत आम्ही तंजावरला उतरलो होतो. व्यंकोजीराजांच्या वंशजांनी जिथे राज्य केले, त्या राजवाड्यातच 1951 साली मूर्तींचे संग्रहालय झाले. आमच्यातल्या बायका दिसेल त्या मूर्तीला लक्ष्मी म्हणून हात जोडत होत्या. देवीला त्याचे काही नाही. पण नाव कळले की पाहण्याची गोडी वाढते, म्हणून चार खुणा सांगते.

विष्णूच्या उजवीकडे श्रीदेवी, म्हणजे लक्ष्मी, उभी असते. तिचा डावा हात वर, त्यात कमळ, आणि छातीवर बांधलेली पट्टी. तिला कुचबंध म्हणतात. डावीकडे भूदेवी. तिचा उजवा हात वर, त्यात निळे कमळ, पट्टी नाही. थोडक्यात, नवऱ्याच्या बाजूचा हात वर! पार्वती शंकराच्या डावीकडे, म्हणून तिचाही उजवाच हात वर असतो. मग एकटी सापडलेली पार्वती आणि भूदेवी यांच्यात जाणतेही अडतात. तेव्हा विचारावे लागते, मूर्ती सापडली कुठे? जवळ कोण होते?

तिरुवेंकाडूच्या मूर्तींचे तसेच झाले. त्या जमिनीत पुरलेल्या होत्या, 1951 च्या सुमारास निघाल्या. तिथल्या देवळातल्या शिलालेखांवरून कळते की वृषवाहन शंकर 1011 सालचा आणि त्याची उमा 1012 ची. वर्षभर देव एकटाच होता म्हणायचा! तिथल्याच लग्नाच्या मूर्तींत पार्वतीचा हात शंकराच्या हातात आहे, मान खाली, आणि मागून लक्ष्मी तिला हलकेच पुढे करते आहे. तमिळ लोक पार्वतीला विष्णूची बहीण मानतात, तेव्हा ही वहिनीच. तिथे ओळख कोणी सांगावी लागत नाही.

म्हणून चोरीचे मला फार वाईट वाटते. देवळातून मूर्ती गेली की तिचा जोडीदार सुटतो, गाव सुटते, आणि मग उरते ती नुसती एक सुंदर बाई. श्रीपुरंदान गावच्या देवळातली उमापरमेश्वरी अशीच चोरून परदेशी विकली गेली होती. ती त्याच देवळातली, हे सिद्ध झाले, तेव्हा 2015 साली सिंगापूरच्या संग्रहालयाने ती परत केली.

अमेरिकेत वॉशिंग्टनला एक मूर्ती आहे, तिचा वाद मात्र मिटलेला नाही. हात पार्वतीसारखेच, पण नाक-डोळे, खांदे काही वेगळेच. कोणी म्हणतात ही पार्वती. कोणी म्हणतात ही राणी सेंबियन महादेवी. गंडरादित्य चोळाची ही राणी विधवा झाल्यावर कित्येक वर्षे जगली. विटांची जुनी देवळे तिने दगडात बांधून काढली, मूर्ती घडवून अर्पण केल्या. दोन्ही बाजूंचे वाचले. मला आपली ती राणीच वाटते.