कापणीची सुरी माणसांवर का चालली?

कमरेच्या आकडीला कोयता अडकवून भाट्याच्या नारळाच्या बागेकडे निघालेला गडी पाहून कोणी घाबरत नाही. आपल्या कोकणात कोयता म्हणजे कष्टाचे अवजार. युरोपातल्या गव्हाच्या शेतातही असेच एक अवजार होते. चामड्याच्या पट्ट्याने हातावर बसवलेली, वाकड्या पात्याची छोटी सुरी. मळणीआधी पेंढीचा बंध कापायला ती वापरत. जर्मनीतल्या झोलिंगेन शहरात ती तयार होई. पुढे तिला वेगळेच नाव पडले: 'सर्बोस्येक', म्हणजे सर्ब माणसाला कापणारी.

हे नाव यासेनोवात्स छळछावणीशी जोडलेले आहे. १० एप्रिल १९४१ रोजी हिटलर-मुसोलिनीच्या पाठबळावर क्रोएशियात आंते पावेलिचच्या उस्ताशा संघटनेचे राज्य आले. वीस दिवसांत वांशिक कायदे झाले. माणसाची लायकी त्याच्या जन्मावरून ठरू लागली. ऑगस्टमध्ये सावा नदीकाठी छावणी सुरू झाली. तिथे आउश्वित्झसारखी प्रचंड यंत्रणा नव्हती. सुऱ्या, हातोडे, कुऱ्हाडी घेऊन माणसांनी माणसांना हातांनी मारले. तिथल्या स्मारकाच्या यादीत आज ८३,१४५ नावे आहेत. त्यांत ४७,६२७ सर्ब, १६,१७३ रोमा आणि १३,११६ ज्यू आहेत. फॅसिझमला विरोध करणारे क्रोएशियन आणि मुस्लिमही त्यांत आहेत.

एका रात्रीत एकाच पहारेकऱ्याने या सुरीने १,३६० गळे कापले, अशी गोष्ट सगळीकडे फिरते. तिला भक्कम पुरावा नाही. साथींनो, असले आकडे पुढे ढकलू नका. 'ती तर कामगार छावणी होती' म्हणणारे आजही आहेत, आणि आपण आकडा फुगवला की त्यांचेच फावते. नावानिशी नोंदलेली ८३,१४५ माणसे पुरेशी आहेत.

यादीतल्या रोमा लोकांकडे आपण विशेष लक्ष द्यायला हवे. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले. त्यांच्या भाषेत पाण्याला 'पानी', नाकाला 'नाख', सुरीला 'छुरी' आणि माणसाला 'मानुष' म्हणतात. १९४२ च्या उन्हाळ्यात गावेच्या गावे उचलून त्यांना यासेनोवात्सला नेले. त्यांचा गुन्हा एकच, रोमा म्हणून जन्मणे.

जन्माने गुन्हेगार ठरवणे आपल्याला नवीन आहे का? इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कितीतरी कुटुंबे तारेच्या कुंपणाआड राहिली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण पारध्याच्या पालावर पोलीस आजही संशयानेच जातात. सोलापूर म्हणजे यासेनोवात्स नव्हे. तिथे सामूहिक कत्तल झाली नाही. पण जन्मावरून माणसाची यादी करायची, ही पहिली पायरी दोन्हीकडे सारखीच आहे.

म्हणून आमचे म्हणणे असे की, सुरीची लांबी मोजत बसू नये. सुरी तीच होती. शेतकऱ्याच्या हातात तिने बंध कापले, उस्ताशाच्या हाती तिचे नाव बदलले. मधल्या काळात बदलला तो समोरच्या माणसाकडे पाहण्याचा विचार. जात भिंतीसारखी डोळ्यांना दिसत नाही, ती मनात वसते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'जातिनिर्मूलन'मध्ये मांडले होते. मनातला हा विचार तसाच राहिला, तर २००६ च्या खैरलांजीसाठी कोणत्याही खास शस्त्राची गरज पडत नाही. घरातले, शेतातले जे हाती लागेल ते पुरते.

तेव्हा आपल्या वस्तीत, कॉलेजात, गावच्या बैठकीत कोणी एखाद्या समाजाला 'कीड', 'घाण' किंवा 'जन्माचे चोर' म्हणाला, तर तिथेच उठून हरकत घ्या. तो समाज आपला नसला तरी घ्या. सुरी बाहेर निघाल्यावर बोलायला फार उशीर झालेला असतो.

जय भीम!