मावम्लुहची गुहा आणि आपल्या काळाचे नाव

हिवाळ्याच्या सुटीत मेघालयाला जाणारे पर्यटक सोहरा, म्हणजेच चेरापुंजी, येथील धबधबे पाहून झाले की बहुधा जवळच्या एखाद्या गुहेकडे वळतात. त्यांतील एक आहे ‘क्रेम मावम्लुह’. खासी भाषेत ‘क्रेम’ म्हणजे गुहा. डोक्यावर दिवा लावून, गुडघाभर पाण्यातून वाट काढीत आत शिरणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते की, मानवजात आज ज्या भूशास्त्रीय कालखंडात जगते आहे, त्याची आरंभरेषा याच गुहेतील एका दगडावरून निश्चित झाली आहे.

अजिंठा-वेरूळची लेणी माणसाने छिन्नीने बेसॉल्टमध्ये कोरली. मावम्लुह पाण्याने कोरली. पावसाचे पाणी मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि चुनखडक विरघळवीत खाली झिरपते. गुहेच्या मोकळ्या हवेत पोहोचताच त्या पाण्यातील वायू निसटतो आणि विरघळलेला चुना कॅल्साइटच्या रूपाने पुन्हा घन होतो. छतावर अधोमुखी आणि जमिनीवर ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ असे थेंबाथेंबाने, थरावर थर चढत वाढतात.

प्रत्येक थरात त्या काळच्या पावसाची खूण राहते. ऑक्सिजनचे जड आणि हलके समस्थानिक असतात. मोसमी पाऊस जोरदार असेल तर या प्रदेशातील पाण्यात जड ऑक्सिजनचे प्रमाण घटते. पाऊस क्षीण झाला की ते वाढते. थराचे वय युरेनियम सांगते. युरेनियम पाण्यात विरघळते, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. म्हणून नव्याने साचलेल्या कॅल्साइटमध्ये युरेनियम असते, थोरियम नगण्य असते. पुढे युरेनियमच्या किरणोत्सारी क्षयातून थोरियम तयार होत जाते आणि दोहोंच्या गुणोत्तरावरून वय काढता येते.

२०१२ मध्ये मॅक्स बर्कलहॅमर, आशिष सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मावम्लुहमधील एका लवणस्तंभाचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुमारे ४,००० वर्षांपूर्वी भारतीय मोसमी पावसात अचानक बदल झाला, असे त्यांना आढळले. या सुमारास अनेक ठिकाणी कोरडेपणा वाढल्याचे पुरावे अन्य प्रदेशांतूनही मिळत होते. जून २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय भूशास्त्र संघटनेने होलोसीन कालखंडाचे तीन विभाग मान्य केले. पहिल्या दोहोंच्या सीमा ग्रीनलंडच्या हिमगाभ्यांत ठरल्या. तिसऱ्याची सीमा मावम्लुहच्या स्तंभात ठरली : इ.स. २००० च्या ४,२५० वर्षे आधी. त्याला नाव मिळाले ‘मेघालयन’. गुहेतील लवणस्तंभात निश्चित झालेली ही पहिलीच भूशास्त्रीय सीमा होय.

बातम्यांनी या निर्णयाला लगेच एक कथा जोडली : एक महादुष्काळ आला आणि इजिप्त, मेसोपोटेमिया, सिंधू खोरे येथील संस्कृती कोसळल्या. अनेक पुरातत्त्वज्ञांनी हरकत घेतली. हे बदल सर्वत्र एकाच वेळी वा एकाच कारणाने घडले, असे पुरावे सांगत नाहीत. त्याच वर्षी गायत्री कथायत आणि सहकाऱ्यांनी याच गुहेतील अन्य लवणस्तंभांचे अधिक सूक्ष्म वाचन मांडले. ४,२०० वर्षांपूर्वी अचानक सुरू होऊन शतकानुशतके टिकलेला दुष्काळ त्यांत दिसला नाही. दिसले ते त्यानंतरचे, काही दशकांचे क्षीण पावसाचे टप्पे. एका स्तंभावरून ठरलेल्या सीमेच्या अर्थावर त्याच गुहेतील दुसऱ्या स्तंभांनी प्रश्न उभा केला. सीमा अद्याप कायम आहे, तिच्याभोवतीचा वादही.

हा वाद शक्य झाला, कारण तपासून पाहण्यासाठी दुसरे स्तंभ शिल्लक होते. इतिहास मात्र या टेकड्यांकडे दुसऱ्याच नजरेने पाहत आला आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सिल्हेटचा कलेक्टर रॉबर्ट लिंडसे याने खासी टेकड्यांच्या चुन्याच्या व्यापारावर मोठी संपत्ती कमावली. विसाव्या शतकात सोहराजवळ सिमेंटचा कारखाना उभा राहिला. गुहा घडवणारा चुनखडक आणि भट्टीत जाणारा चुनखडक एकच आहे. खाणीने अनेकांना रोजगार दिला, हेही खरे. पण डोंगराचा माथा खणला गेला की थेंबाची वाट बदलते, आणि थेंब थांबला की नोंदही थांबते.

२०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय भूशास्त्र संघटनेने जगातील पहिल्या १०० भूवारसास्थळांच्या यादीत मावम्लुहचा समावेश केला. हा मान मोठा असला तरी यादी दगडाचे रक्षण करीत नाही. आठवण म्हणून तोडलेले टोक, भिंतीवर कोरलेले नाव, मशालीची काजळी यांनी झालेली हानी पर्यटकाच्या आयुष्यात भरून येत नाही. स्तंभाला हात लावला तरी त्वचेचे तेल पृष्ठभागावर राहते आणि पुढचा थर तेथे नीट बसत नाही.

उद्या पाऊस कसा वागेल, हे वर्तवणाऱ्या प्रारूपांना काल तो कसा वागला हे ताडून पाहावे लागते. भारतातील पर्जन्यमापकांच्या नोंदी दोन शतकांच्या आसपास मागे जातात. त्यामागची सहस्रके अशा गुहांतच लिहिलेली आहेत. मावम्लुहमधील प्रत्येक उभा स्तंभ हे त्या ग्रंथातील अद्याप न वाचलेले पान आहे. ते वाचणारी उपकरणे कदाचित आज शाळेत असलेली पिढी घडवील. तोवर पान जागेवर राहिले पाहिजे.