देवाला नाही, गजऱ्याला नाही: साल्व्हियाची गोष्ट

आम्ही वाकोल्याच्या बायका. मुंबईत सांताक्रूझला पूर्वेकडे उतरलं की हायवे लागतो, त्याच्या आसपास पसरलंय ते वाकोला. डोक्यावरून विमानं, मधून नाला, आणि घरं एकमेकींना चिकटलेली. तुम्ही म्हणाल, या मुंबईच्या बाया आम्हाला झाडं लावायला काय शिकवणार? शिकवायला नाही आलो. एका झाडाचा इतिहास सांगायला आलोय, कारण ते झाड तुमच्या गावातही आहे आणि त्याचं नाव सहसा कुणी विचारत नाही.

तालुक्याच्या कचेरीसमोर, शाळेच्या झेंडावंदनाच्या कट्ट्याभोवती, कारखान्याच्या फाटकाशी थंडीत लालभडक तुऱ्यांची रांग दिसते ना, ती साल्व्हिया. मराठीत तिला जुनं नाव नाही. आमच्या गल्लीत 'लाल तुरा' म्हणतात. पण एकदा तिची दांडी दोन बोटांत धरून फिरवून बघा. गोल लागत नाही, चौकोनी लागते. पानं समोरासमोर जोडीनं, आणि फुलं मंजिरीसारखी एकावर एक. आता तुळशीची दांडी धरा. सब्ज्याची धरा, पुदिन्याची धरा. तीच चौकोनी दांडी. ही सगळी एकाच कुळातली भावंडं. साल्व्हियाच्या एकटीच्याच जगभर हजाराच्या आसपास जाती आहेत. दुकानात महागानं मिळणारा चियासुद्धा मेक्सिकोकडची साल्व्हियाच आहे, म्हणून तर तो सब्ज्यासारखा पाण्यात फुगतो.

साल्व्हिया हा शब्द लॅटिन भाषेतला, बरं करणं या अर्थाचा. युरोपात तिची एक जात शेकडो वर्षं स्वयंपाकात आणि औषधात वापरतात. पण ती जात वेगळी. नावात औषध आहे म्हणून बागेतली लाल साल्व्हिया कुणी काढ्यात टाकू नका, हे आधीच सांगून ठेवतो.

आता लाल तुऱ्याकडे येऊ. बागांच्या रांगेत दिसते ती ठेंगणी, भरगच्च जात ब्राझीलच्या डोंगराळ जंगलातली. फ्रीडरिश सेलो नावाचा एक जर्मन माणूस तिथे झाडं गोळा करत हिंडत होता. १८२२ साली या झाडाचं शास्त्रीय नाव छापून आलं आणि १८३१ मध्ये तिथल्याच एका नदीत तो बुडून मेला. झाड मात्र युरोपात पोचलं. विलायतेत त्या काळी एकाच रंगाच्या फुलांचे गालिचे घालायची हौस आली होती. लाल रंगासाठी ही साल्व्हिया हाताशीच होती. विलायतेची हौस साहेबांबरोबर इकडे आली. १८६९ साली सुएझचा कालवा उघडल्यावर बोटी लवकर पोचू लागल्या, बियाण्यांच्या पुड्याही.

आपल्याकडे बागांची सरकारी खटपट त्याआधीच सुरू झाली होती. पुण्याजवळ दापोडीला १८२८ साली सरकारी वनस्पती बाग निघाली. मुंबईत भायखळ्याची राणीची बाग १८६२ साली उघडली. गणेशखिंडीची बाग १८७३ ची. तिथे काम केलेल्या वुड्रो साहेबांनी हिंदुस्थानातल्या बागकामावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं आणि ते पुन्हा पुन्हा छापलं गेलं. असली पुस्तकं लिहिली जायची साहेब आणि मडमेसाठी. हातात खुरपं असायचं माळ्याचं, आणि तण काढायला, पाणी घालायला रोजावर बाया. त्यांची नावं पुस्तकात कुठून येणार? दापोडीच्या बागेत १८४७ ते १८५० या काळात एका भारतीय चित्रकारानं झाडांची सुंदर चित्रं काढली. ती आज स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या बागेत जपून ठेवलेली आहेत. ज्या साहेबानं ती काढून घेतली त्याचं नाव, अलेक्झांडर गिब्सन, सगळ्यांना माहीत आहे. चित्रकाराचं नाव उरलेलं नाही. चित्रकाराची ही गत, तर पाणी घालणारीची काय असेल!

आमच्या मते साल्व्हियाचा इतिहास इथेच दोन वाटांनी जातो. ब्राझीलची ठेंगणी जात तिच्या डोंगरात वर्षानुवर्षं जगते. पण इथे बागेत ती एका हंगामापुरती लावतात. पावसाळा संपता संपता बी टाकायचं, रोपं जपायची, खत घालायचं, रोज पाणी द्यायचं, आणि उन्हाळा आला की उपटून फेकायची. म्हणजे तिला माळी लागतो. ज्यांच्याकडे माळी होता त्यांच्याकडे ती राहिली. आजही कचेऱ्या, उद्यानं, मोठ्या हॉटेलांच्या दारातच दिसते.

दुसरी जात तिच्यापेक्षा उंच आणि जरा विस्कटलेली. कमरेपर्यंत वाढते, तुरे विरळ, रंग तोच लाल. ही मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या उष्ण भागातली. ही बी स्वतःच सांडते, स्वतःच उगवते, छाटली की पुन्हा फुटते, एखाद दिवस पाणी चुकलं तर मान टाकते आणि पाणी मिळालं की उभी राहते. भारतात बऱ्याच ठिकाणी ती कुंपणाकडेला आपली आपण वाढलेली दिसते. माळी नसलेल्या घरात हीच टिकली. आमच्याकडे जिला लाल तुरा म्हणतात ती ही. आमच्यातल्या काहीजणींचे सासरे बंगल्यांवर माळीकाम करायचे, काहीजणी स्वतः तिथे धुणीभांडी करायच्या. येताना फांदी पिशवीतून आली. फुलांच्या पुस्तकात ही वाट सापडणार नाही, पण आमच्या गल्लीतल्या बहुतेक झाडांची वाट हीच आहे.

वाकोल्यात जागा कशी कमी होत गेली, तेही सांगायला हवं. जमिनीच्या कागदावर या भागाचं नाव आजही कोळे कल्याण असंच येतं. साष्टी बेटावरचं हे गाव. १५३४ पासून पोर्तुगीजांचा अंमल होता, १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली, १७७४ च्या शेवटी इंग्रजांनी. राज्यं बदलली तरी इथे भातशेती होती, भाजीचे मळे होते, ख्रिस्ती आणि हिंदू गावकऱ्यांची अंगणं होती. मग शेजारी विमानतळ झाला, लढाईच्या काळात लष्कर आलं, १९५० साली हा भाग मुंबई महापालिकेत गेला, हायवे आला. कोकणातून, घाटावरून, पार उत्तरेतून माणसं पोटासाठी आली, त्यांत आमची घरंही. शेताची चाळ झाली, चाळीमागे झोपडी झाली. अंगणाचा ओटा झाला, ओट्याचा उंबरा झाला. शेवटी झाडासाठी उरला तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा.

डब्यात काय जगतं? तुळस जगते, कोरफड जगते, सदाफुली जगते. मोगरा जगतो पण रुसतो. गुलाबाला तर नवऱ्यापेक्षा जास्त सांभाळावं लागतं. आणि लाल तुरा जगतो. पाणी सकाळी तासभर येतं तिथे झाडाच्या वाट्याला तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणीच येणार. त्यावर जे फुलतं तेच आमचं फूल.

२६ जुलै २००५ तुम्हालाही आठवत असेल. सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. वाकोल्याचा नाला मिठी नदीला मिळतो, त्या दिवशी नदीच उलटी आमच्याकडे आल्यासारखी झाली. धान्य, अंथरुणं, पोरांची वह्यापुस्तकं, सगळं गेलं. डबे गेले त्याचं कुणाला काय! लाल तुऱ्याला साचलेलं पाणी मुळीच सोसत नाही, मुळं कुजतात, म्हणजे होते ते डबेही मेलेच. ऑक्टोबरात मोरीच्या कडेला, गाळात, चौकोनी दांडीची रोपं उगवलेली दिसली. कुठल्या डब्यातलं बी कुठे आलं होतं देव जाणे. आम्ही ती उचलून पुन्हा डब्यात लावली, कारण फुकट होती आणि त्या वर्षी फुकटचंच परवडत होतं.

आता तुमच्या मनातला प्रश्न. आम्हालाही घरातून, शेजारून तो विचारला गेलाय. या फुलाचा उपयोग काय? देवाला वाहत नाहीत. तुरा तोडला की पाकळ्या गळतात, त्यामुळे गजरा होत नाही, वेणी होत नाही. बाजारात कुणी घेत नाही. मग जागा कशाला अडवायची?

याला एक उत्तर झेंडूचं आहे. झेंडूही मेक्सिकोचा. तिकडे पितरांच्या दिवशी कबरींवर झेंडूच्या राशी घालतात. पोर्तुगीजांच्या काळात तो आपल्याकडे आला असं मानतात, म्हणजे शिवाजी महाराजांच्या फार तर शंभरेक वर्षं आधी. तेव्हा कुणीतरी बाईनं पहिल्यांदा तो दारात लावला असेल आणि तिलाही कुणी विचारलं असेल, हे कसलं फूल, कोणत्या देवाचं? आज झेंडूशिवाय दसरा करून दाखवा. देवळाजवळचा पांढरा चाफा, कर्दळ, गुलबक्षी, सगळी अमेरिकेकडूनच आलेली. सदाफुली मादागास्करची. उपयोग नंतर ठरतो, आधी झाड दारात जगावं लागतं.

दुसरं उत्तर परसबागेचं. साल्व्हियाच्या फुलात फक्त दोन पुंकेसर कामाचे असतात, आणि निळ्यासारख्या बऱ्याच जातींत ते तरफेसारखे बसवलेले असतात. मधमाशी मधासाठी डोकं आत घालते, तरफ खाली येते आणि परागकण तिच्या पाठीवर बरोबर एका जागी लागतात. उन्हात बसून बघण्यासारखं आहे. लाल फुलांवर आमच्याकडे शिंजीर येतो, तो चिमुकला बाकदार चोचीचा पक्षी. तुमच्या दोडक्या-भोपळ्याच्या मांडवाजवळ दोन झुडपं असतील तर माश्या त्या बाजूला फिरकत राहतील, आणि वेलाला फळ धरायला माशी लागतेच. आणि तिसरं उत्तर आम्ही कुणाला देत नाही, पण तुम्हाला सांगतो: बघायला बरं वाटतं. बाईनं लावलेल्या प्रत्येक गोष्टीचा हिशोब द्यायचा असा काही कायदा नाही.

मात्र बिनकष्टाच्या झाडाचं कौतुक करताना घाणेरी आठवावी. तीही शोभेसाठीच आणली, १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या बागेत. तिलाही काही लागत नव्हतं. आज तिनं देशभरची गायरानं आणि जंगलं खाल्लीत. लाल तुऱ्याचं तसं झालेलं नाही, पण बी सांडणारं झाड आहे, तेव्हा ते घराजवळच ठेवा. ओढ्याकाठी, रानाच्या कडेला टाकू नका, आणि जास्तीची रोपं लहान असतानाच उपटा.

लावायचं झालं तर पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या आसपास. बी मातीवर भुरभुरवायचं, वर अगदी चिमूटभर माती. किंवा वीतभर कोवळी फांदी, खालची पानं काढून ओल्या मातीत खोचायची आणि काही दिवस सावलीत ठेवायची. डब्याला तळाशी भोकं हवीतच, वर खापरीचे तुकडे, मग माती आणि थोडं कुजलेलं शेणखत. खत जास्त झालं तर पानंच येतात. ऊन चार-पाच तास तरी मिळू द्या. रोप वीतभर झालं की शेंडा खुडा, फांद्या फुटतात. तुरा वाळला की कापा, नवा येतो. कडक उन्हाळ्याच्या आधी आणि पुन्हा पावसानंतर झाड निम्म्यावर छाटायचं. पावसाळ्यात डबा पागोळीखाली ठेवू नका. दोन-तीन वर्षांनी दांडी लाकडासारखी होते, फुलं कमी येतात, तेव्हा फांदी लावून नवं झाड धरायचं. पानाला उग्र वास असतो, त्यामुळे शेळ्या-गुरं सहसा तोंड लावत नाहीत. शेळीचा भरवसा मात्र आम्ही देत नाही.

बी धरायचं तर तुऱ्याच्या खालच्या कुप्या तपकिरी झाल्या की तुरा कागदात उलटा धरून झटका. एका कुपीत जास्तीत जास्त चार बिया निघतात. सावलीत दोन दिवस वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको, ओल धरते. याच जातीत पांढरं आणि फिकट गुलाबी फूलही येतं. ते सापडलं तर त्याचं झाड लांब लावा आणि पुडी वेगळी ठेवून वर रंग लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी सगळं मिसळून येतं.